सकाळी सातची श्रद्धांजली

तीर्थपुरीत कापडाच्या दुकानाची जाहिरात म्हणजे पूर्वी एखादी भिंत रंगवली की भागायचं. आता दुकानाचे मालक अण्णासाहेबांनी त्यासाठी आदिनाथ ठेवला होता. पोरगा हुशार, जालन्याहून डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करून आलेला. त्याने दुकानाच्या फेसबुक पेजवर साड्यांचे फोटो टाकले, सवलती टाकल्या, गिऱ्हाइकांचे नंबर जमवून रोज सुप्रभात पाठवलं. कुणी ढुंकून बघेना. मग त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. आपल्याकडे माणूस साडीचा फोटो बोटाने वर सारतो, पण 'भावपूर्ण श्रद्धांजली' दिसली की थांबतोच. कोण गेलं, कुणाचा कोण, हे वाचल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही.

तेव्हापासून पंचक्रोशीत कुणी वारलं की सगळ्यांत आधी दुकानाची श्रद्धांजली हजर. वर काळी पट्टी, मध्ये फोटो, खाली दुकानाचं नाव आणि 'लग्नाच्या बस्त्याची खास सोय'. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं ही म्हण आदिनाथने ऐकली होती, पण म्हणी नेहमी दुसऱ्यांसाठीच असतात. पेज वाढत होतं, अण्णासाहेब खूश होते.

अशात भुजंगनानांना हार्ट अटॅक आला. नाना एसटीतले निवृत्त कंडक्टर, आदिनाथच्याच गल्लीतले. त्यांच्या हातून तिकीट घेतलं नाही असा माणूस तालुक्यात सापडायचा नाही. दिवाळीला दुकानाच्या जाहिरातीसाठी भगवा फेटा बांधून हेच नाना फुकटात उभे राहिले होते. "घे बाबा, किती फोटो घ्यायचे ते घे. तुझ्या धंद्याला लागू दे," म्हणाले होते.

नानांना जालन्याच्या दवाखान्यात हलवलं. दुपारी आदिनाथने त्यांच्या बायकोला, सगुणाकाकूंना, फोन केला. संध्याकाळी पुन्हा केला. काकू रडत होत्या. "डॉक्टर म्हणून राह्यलेत, आजची रात निघणं अवघड हाय."

"काकू, धीर सोडू नका. मी जांबच्या रामाला नारळ बोललोय," आदिनाथ म्हणाला. असं काही तो बोललेला नव्हता. तोंडाला आलं, म्हणून टाकलं.

फोन ठेवला आणि तो लॅपटॉपपुढे बसला. फेट्यातला फोटो होताच, त्यावर काळी पट्टी चढवली. पोस्टला आणि व्हॉट्सॲपच्या मेसेजला सकाळी सातची वेळ लावून दिली, कारण सातला लोक उठतात आणि आधी मोबाइल हातात घेतात. लवकर उठून खात्री करू, काही कमीजास्त असलं तर थांबवू, असं त्याने ठरवलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे बाशिंगाऐवजी हार होता. मग तो झोपला, आणि लाज वाटावी इतकी गाढ झोप त्याला लागली.

सातला नाना जिवंत होते. श्रद्धांजली मात्र गावोगाव पोचली होती. केदारखेड्याला सासरी त्यांच्या मुलीने, प्रियदर्शनीने, ती चुलीपुढे बसून वाचली. आदिनाथला जाग आली ती मोबाइलच्या थरथरीने. त्याने पोस्ट काढून टाकली, पण लोकांनी पुढे पाठवलेली कशी काढणार?

नाना वाचले. घरी आले. गावाने हसून घेतलं, खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणून समाधान मानलं. "कंप्युटरची चूक," असं अण्णासाहेबांनी सगळ्यांना सांगितलं आणि ते सगळ्यांना पटलंही. मनातून ते खूशच होते, कारण दुकानाचं नाव एवढ्या लोकांनी कधीच वाचलं नव्हतं. अण्णासाहेबांनी आदिनाथला केबिनमध्ये बोलावलं. "आता नानाचा एक व्हिडिओ घेऊन ये. 'मी जिता हाय अन् कापड हितंच घेतो,' एवढंच म्हणू दे. लोक तुटून पडतील बघ."

आदिनाथ निघाला. व्हिडिओचं विचारायचं की माफी मागायची, हे त्याचं दारापर्यंत ठरलं नव्हतं.

नाना खाटेवर टेकून बसले होते, अंगाने निम्मे झालेले. त्याला बघून हसले. "ये रे. माझ्या मयताला समदे आल्ते, तूच तेवढा न्हाई." मग हळूच म्हणाले, "फोटो बाकी झकास निवडलास."

आदिनाथ खाली मान घालून बसला. काकू चहा घेऊन आल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "माझा फोन सारखा वाजून राह्यला. जो तो इचारतो, कधी गेले? मला वाटलं, गेलेत, अन् हे दवाखानेवाले मला सांगून न्हाई राह्यले. पळत आत गेले. पाय धरले तं गरम लागले. मंग तिथंच बसले." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "जाऊ दे. मशीनची चूक. तुला काय बोलायचं? समद्या गावात तू एकट्यानं दोनदा फोन केल्ता. प्रियाला बी मी हेच सांगितलं."

 लाजेने आदिनाथला बसल्या जागी जमिनीत जावंसं वाटलं. काकू देवघरातून आल्या आणि त्याच्या तळहातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. "शनिवारी जांबला गेल्ते. तुला कामातून सवड व्हयना, अन् नवस राहू न्हाई. तुझ्या नावानं मीच नारळ फोडून आले."

"काकू," तो म्हणाला.  "मशीनची चूक नव्हती. ते मी आदल्या संध्याकाळीच करून ठेवलं होतं. तुमचा फोन ठेवल्यावर. मी फोन त्या पोस्टसाठीच केल्ता."

नानांचं हसू ओसरलं. काकू त्याच्याकडे बघत राहिल्या.  मग त्यांनी विचारलं, "अन् नारळ?"

आदिनाथने नकारार्थी मान हलवली.

काकू रिकामी कपबशी उचलून आत गेल्या. नानांनी भिंतीकडे कूस बदलली. आदिनाथ खोबरं हातात घेऊन बसून राहिला. देवाचं होतं, खाली ठेवता येईना, आणि तोंडात घालायची तर त्याची हिंमतच नव्हती.