मास्तरांची बंद बेल

मास्तरांच्या घरातली फरशी खुर्चीपासून दारापर्यंत इतकी झिजली होती, की खुर्चीपाशी लिंबू ठेवलं तर ते आपलं आपण घरंगळत दाराला जाऊन टेकायचं. खोटं वाटत असेल तर खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारा. त्यांचं छत तेवढ्याच पट्ट्यात खाली आलंय, उंच पाहुणे तिथून वाकून जातात.

मास्तरांनी जन्मभर कॉलेजात संगणकाची रचना शिकवली. प्रोसेसर नावाचा कारभारी मेमरीतून एक सूचना उचलतो, तिचा अर्थ लावतो, पार पाडतो, की लगेच पुढची. निवृत्तीनंतर मास्तरांच्या वाट्याला एकच सूचना उरली. ऊठ, दार उघड, बघ, लाव, बस. की पुन्हा ऊठ.

कारण बेल बंद होती, आणि धाकटी बहीण येणार होती. म्हणजे "यायचं तेव्हा येईन" एवढंच ती म्हणाली होती, आणि त्यालाही तिचे केस पिकण्याइतका काळ लोटला होता.

तिचा नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा तिनं निरोप धाडला होता. मास्तर वर्गात होते, आणि शिकवत होते तेही नेमकं हेच: बाहेरून हाक आली, की प्रोसेसरनं हातातली सूचना संपवावी, आपण कुठे होतो ते टिपून ठेवावं, आणि आधी हाकेला ओ द्यावी. मास्तरांनी हातातला तास संपवला. मग धडा संपवला. मग म्हणाले, परीक्षा तेवढ्या उरकून घेऊ. पोचले तेव्हा मेहुण्यांची खाट उभी करून भिंतीला लावलेली होती.

शेवटी काकूंनी वायरमन वर धाडला.

"तुमच्या दाराच्या कुरकुरीनं काकूंचे कान किटलेत," तो म्हणाला. "बेल चालू करून देतो. मग बसा पाय पसरून. कोणी आलं की वाजेलच."

"नको. चाललंय ते बरं आहे."

"काय बरं आहे? मी जिना चढेस्तोवर दोनदा डोकावलात. मला वाटलं, घड्याळातला पक्षीच."

मास्तर हसले नाहीत. "बेल बंद आहे तोवर म्हणता येतं, ती आली असेल, दाबून दाबून परत गेली असेल. चालू झाल्यावर काय म्हणू?"

वायरमननं मान खाजवली. "तुमचं खरं आहे मास्तर. पण काकूंना तोंड मला द्यायचंय." आणि त्यानं बेल जोडली.

त्यानं दाबून पाहिली आणि पहिल्यांदा वाजली तेव्हा समोरच्या इमारतीवरची कबुतरं उडाली, ती म्हणे दुसऱ्या गावात जाऊन स्थायिक झाली. नंतर मात्र बेल जी गप्प बसली, ती बसलीच. दुपार कलली. त्या गप्प बसण्याला आता बिघाडाचंही निमित्त नव्हतं.

मास्तर खुर्चीत विचार करत राहिले. ज्या यंत्रात हाक मारायची सोय नसते, तिथे कारभारी काय करतो? स्वतः एकेकाच्या दारी जातो, विचारतो, तुझं काही आहे का? वर्षानुवर्षं हे त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं. आणि स्वतः मात्र उंबऱ्याच्या आतूनच डोकावून परत येत होते. कोणाच्या दारी गेलेच नव्हते.

त्यांनी चपला शोधल्या. बाजारापलीकडच्या गल्लीत बहिणीचं घर होतं. खुर्ची ते दार एवढ्याच येरझाऱ्या मोजल्या तर मास्तर चंद्रावर जाऊन आले असते, पण एवढ्याशा वाटेवर त्यांना दोनदा टेकावं लागलं.

दार तिनंच उघडलं.

"दादा? काय काम काढलंस?"

"काम नाही. विचारायला आलो."

"काय?"

"तुझं काही आहे का, ते."

ती म्हणाली, "तेव्हा होतं."

दार तसंच उघडं टाकून ती आत गेली. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. आतून गॅस पेटल्याचा आवाज आला, मग पातेल्यात पाणी पडल्याचा. एक कप की दोन, ते काही मास्तरांना कळेना. ते उंबऱ्याबाहेर कान देऊन उभे राहिले.