उकंडरावांचा पहारा

आमच्या जानेफळच्या मंदिरात वीणेचा एक नेम आहे. कीर्तन-सप्ताहात वीणा भुईला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, देता-घेता दोघं एकमेकांच्या पाया पडतात. दुसरा येईस्तोवर पहिल्यानं जागा सोडायची नाही. याला आम्ही पहारा म्हणतो.

माझे सासरे उकंडराव यांनी चाळीस वर्षं पहारा दिला. चौसष्ट साली ते दोन महिने अंथरुणाला खिळले. तेवढ्यात पंचांनी नवी वीणा आणली, आणि तडकलेल्या भोपळ्याची जुनी मेहकरच्या नव्या वस्तुसंग्रहालयात देऊन टाकली. हेतू चांगलाच, जुनं जतन होईल. पण मामाजी बरे होऊन एकादशीच्या कीर्तनाला आले ते आपल्या जागी उभेच राहिले. हात रिकामे, पाय लटलट कापताहेत. बुवांनी अभंग धरला की मी एरवी घरदार विसरते. त्या दिवशी माझं सारं लक्ष त्या पायांकडे.

"मामाजी, बसा नं."

"बसू कसा, पोरी? माह्याजवळून वीणा कोणी घेतली? पहारा सुटलाच नाही."

तीन एकादश्या असंच झालं. शेवटी मी त्यांना एस.टी.त बसवून मेहकरला नेलं.

संग्रहालय म्हणजे जुन्या कचेरीच्या दोन खोल्या. भंगलेल्या मूर्ती, लाकडी पायल्या, गंजलेली तलवार. आणि काचेच्या कपाटात आडवी ठेवलेली आमची वीणा. शेजारी चिठ्ठी : 'सतार. जानेफळ.'

"सतार?" मामाजी कडाडले. "चाळीस वर्सं म्या सतार वाजवली का बे?"

राखणदार स्टुलावरून उठला. दयाराम त्याचं नाव. अंगात खाकी सदरा, कानशिलं पांढरी. "चिठ्ठी सायबानं लिवली, बाबा. माह्यावर काऊन तापता?"

"आन् निजवली काऊन? बिमार हाये का ते?"

दयाराम हसला. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं.

मामाजींनी वीणा गळ्यात घातली. एकच तार शाबूत होती. ती छेडली, डोळे मिटले. मग म्हणाले, "आता तू घे."

"मी? मी बुद्धाचा माणूस, बाबा. तुमचं देवळातलं मले नाही जमत."

"तुहा देव कोणता, ते इचारलं का म्या? पहारा घेतं का, इतकं सांग."

दयारामनं आपल्या खाकी सदऱ्याकडे पाहिलं. "पहारा तं माही नोकरीच हाये, बाबा."

"मंग झालं तं!"

त्याच्या गळ्यात वीणा घालून मामाजी वाकले. "अरे, काय करता!" म्हणत तोही घाईनं वाकला, आणि दोघांची डोकी खाडकन आपटली. तिघंही हसलो.

दयारामनं खुंटीवरची आपली टोपी काढली आणि तिथं वीणा उभी टांगली. 'सतार' खोडून पेन्सिलीनं 'वीणा' लिहिलं.

"सायबाले काय सांगशील?" मामाजींनी विचारलं.

"सांगतो, पहारा बदलला."

पुढच्या एकादशीला मामाजी खांबाला टेकून बसले. नामाचा गजर सुरू झाला, आणि मला एक टाळी वेगळी ऐकू आली, जरा मागं-पुढं पडणारी. चाळीस वर्षं मामाजींचे हात वीणेवरच होते. टाळीची सवय कुठून असणार?