मोरोतीचा पट्टा

ब्युनोस आयरेसचं ते जोडपं माझ्याकडे उतरलं, तेव्हा बॅगा खाली ठेवायच्या आधीच नवऱ्यानं आदरानं 'दोन्या' लावून विचारलं, "दोन्या इसिदोरा, वाघ दिसेल ना?" जसा काही मी तो परसात बांधूनच ठेवलाय.

पुस्तकात त्याला जग्वार म्हणतात. आम्ही वाघच म्हणतो. माझ्या आजोबांच्या काळात शेवटचा मारला गेला आणि मग इबेराच्या दलदलीत वाघ उरला तो म्हाताऱ्यांच्या गप्पांत. प्रकल्पवाल्यांनी पुन्हा आणून सोडले तेव्हा गावानं नाकं मुरडली. पण वाघांपाठोपाठ पाहुणे आले, पाहुण्यांनी माझ्या खोल्या भरल्या आणि हळूहळू सगळ्यांची नाकं सरळ झाली.

एकट्या माझ्या धाकट्या भावाचं सोडून. नेमेसियोची लाल घोडी मोरोती नावाच्या वाघिणीनं फाडली होती. तेव्हापासून भाकरीच्या तुकड्यागणिक तो तिला शिव्या घालायचा. अलीकडे मात्र तिचं नावही काढत नव्हता. मला वाटलं, राग निवला असेल.

प्रकल्पाची इनेस संध्याकाळी आली आणि माझ्या चिपांची, चीजच्या छोट्या पावांची, परडी बाजूला सारून तिनं टेबलावर नकाशा पसरला. मोरोतीच्या गळ्यात पट्टा आहे. तो दिवसातून एकदा, दुपारी, कुठं आहे ते कळवतो. इनेसनं ठिपके दाखवले. सगळे कुरणाच्या कडेला, उघड्यावर.

"भर उन्हात?" मी म्हटलं. "वाघीण आहे की पोस्टमन?"

पाहुणी हसली. इनेस हसली नाही. "मलाही कोडंच आहे, दोन्या. पिल्लं झाल्यावर सवयी बदलतात म्हणा. दोन पिल्लं आहेत, अजून दुधावरची. बरेच दिवस कॅमेऱ्यात आली नाहीत."

"मग जाऊन बघत का नाही?"

"आई असताना पिल्लांजवळ गेलं तर ती त्यांना टाकून जाते. आई फिरतेय तोवर आम्ही हात लावत नाही. ती नसती तर आत्ता गेलो असतो. तिच्याशिवाय पिल्लं फार दिवस काढायची नाहीत."

दारात नेमेसियो तेरेरेचा, आमच्या गार पाल्याच्या चहाचा, पेला घेऊन उभा होता. त्याचा कुत्रा गालेता माझ्या पायाशी बसून चिपाचा तुकडा मागत होता. त्याला पिल्लू असल्यापासून मीच खाऊ घातलंय. त्यामुळे मालक नेमेसियो, पण प्रेम दोघांवर सारखंच.

"उद्या घोड्यांवरून कुरणाच्या कडेनं जाऊ," इनेस म्हणाली. "लांबूनच बघायचं. घोडे नेमेसियोचे."

"तिकडं काही नाही," नेमेसियो म्हणाला. "पाण्याच्या बाजूनं न्या यांना. मगरी दाखवा."

"मगरी बघायला कुणी एवढ्या लांब येतं का रे?" मी म्हटलं. "घोडे आण सकाळी. नाटकं नकोत."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, पेला कट्ट्यावर ठेवला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. मी अठरा वर्षांची होते तेव्हा आई गेली आणि हा माझ्या कडेवर आला. तेव्हापासून त्याची गप्प बसण्याची एकूण एक तऱ्हा मला ठाऊक आहे. ही मात्र मी पाहिली नव्हती.

सकाळी तो घोडे घेऊन आला, पण एकटाच.

"गालेता कुठंय?"

"बांधून आलोय. वादीनं."

मी थांबलेच. जन्मात या माणसानं कुत्रा बांधला नव्हता. आणि बांधला तो कच्च्या चामड्याच्या वादीनं! आमच्याकडे खोगीर असो, फाटक असो, मोडलेली खुर्ची असो, सगळं वादीनंच बांधतात. हात आपोआप वादीकडेच जातो. पण कुत्र्यासाठी वादी म्हणजे न्याहारीच की.

वाटेत नवसाला पावणाऱ्या गाउचितो बाबाच्या ठाण्याचे लाल झेंडे लागले. नेमेसियो नेहमी तिथं टोपीला हात लावून पुढं जातो. त्या दिवशी खाली उतरला, आपला गळ्यातला रुमाल सोडून झेंड्यांत बांधला आणि ओठ हलवत कितीतरी वेळ उभा राहिला. 

कुरण सुरू झालं तेव्हा इनेसनं हातातली पेटी चालू केली. पट्टा जवळपास असला की ती टकटक करते. आधी काहीच नाही. मग अगदी बारीक, टक्.

"आहे!" इनेस कुजबुजली. "मागच्या बाजूला आहे. आपण आलो त्या वाटेवर."

पाहुण्यानं बायकोचा हात धरला. टकटक वाढत गेली. वाघीण आमच्या मागावर होती. इनेसचा चेहरा उतरला. तिनं सगळ्यांना घोडे एकत्र आणायला सांगितलं. मी नेमेसियोकडे वळले. तो पांढराफटक पडला होता, पण मागे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. मग मला सगळं कळलं.

मी घोडा त्याच्या घोड्याला भिडवला. "पट्टा कुत्र्याच्या गळ्यात?"

"घोडी गेली माझी, इसी," तो आमच्या ग्वारानी बोलीत पुटपुटला. "ती वाघीण पुन्हा आली, मी गोळी घातली. पट्टा एका जागी राहिला असता तर लगेच आले असते हे. म्हणून दिवसा गालेताला घालायचो, फिरत राहावा म्हणून. आज तुमच्याबरोबर यायचं म्हणून सकाळीच घातला आणि बांधून आलो, दुपारच्या आत जाऊन सोडणार होतो. मला तुरुंगात टाकतील."

"आणि पिल्लं?"

तो खाली बघू लागला. "ताडाच्या राईत आहेत. रडतात. काल आवाज येत होता."

"आणि तू ऐकत राहिलास?"

"तू जा," तो म्हणाला. "तुझ्याकडे धावत येईल तो. पट्टा काढ आणि पाण्यात टाक. हरवली म्हणतील, संपलं. आईच्या जागी आहेस तू मला."

मी उतरले. इनेस दबक्या आवाजात ओरडली, "दोन्या, वेड लागलंय का? मागे या!" मी गेले. गवत माझ्या डोक्याच्या वर होतं. दहा पावलांवर ते हललं आणि गालेता बाहेर आला. गळ्याभोवती दोन पट्टे. एक चावून तोडलेली वादी, तिचं टोक लोंबत होतं. दुसरा रुंद, काळा, नेमेसियोनं नवीन भोकं पाडून आवळलेला. तो माझ्या अंगावर चढला, तोंड चाटू लागला.

बाजूलाच पाणी होतं. वरचं हिरवं शेवाळ बाजूला सारलं की खाली तळ नाही. मी बकल सोडवलं. पट्टा हातात आला, जड होता. ज्याला मी कडेवर घेऊन वाढवला, त्याचा जीव माझ्या मुठीत होता आणि टाकायला हात पुढेही केला होता.

तेवढ्यात राईकडून आवाज आला. मांजराच्या पिलासारखा, पण घोगरा. मी दुसऱ्याची वाट पाहिली. पुन्हा तोच एक आला. दुसरा आलाच नाही.

मला रडू फुटलं. पट्टा पुन्हा गालेताच्या गळ्यात घातला, कारण हातात धरून बाहेर जायचं धैर्य माझ्यात नव्हतं. त्याला धरून मी गवताबाहेर आले.

"इनेस," मी म्हटलं, "राईत जा. पळ. एक तरी वाचेल."

इनेस पट्ट्याकडे बघत राहिली. पाहुण्याच्या हातातला कॅमेरा तसाच वर होता. "हा कुत्रा कुणाचा?" तिनं विचारलं.

 मला सांगायची गरजच पडली नाही. गालेतानं माझ्या हाताला हिसका दिला, शेपटी हलवत सगळ्या घोड्यांमधून वाट काढली आणि नेमेसियोच्या घोड्याखाली जाऊन बसला, वर त्याच्याकडे बघत. पेटीची टकटक चालूच होती.