मागची झडप

ओल्या फडक्यानं ती काचेवरचे बोटांचे ठसे पुसत होती, तेवढ्यात मुलीला खांद्यावर घेऊन आलेल्या एका माणसानं विचारलं,

"अहो, ह्या टाकीत आहे तरी काय?"

"मासा आहे. मोठा आहे, चांगला तुमच्या मुलीएवढा."

"कुठाय?"

"खडकाच्या मागे."

तो वाकला. मुलगी त्याच्या डोक्यावरून वाकली. आत हिरवट पाणी, मधोमध काळा खडक आणि कोपऱ्यातून वर चढणारे बुडबुडे, एवढंच होतं.

"बाबा, काहीच नाहीये," मुलीनं निकाल दिला.

"चल. बाहेर जाहिरात बघावी तर केवढी, आणि आत ही तऱ्हा. तोंडाला पानं पुसली नुसती."

दोघं निघून गेली. तिनं वर पाहिलं. टाकीच्या चौकटीवर बसवलेल्या काळ्या डबीत लाल आकडा उमटला होता. अकरा. त्यातले चार-पाच सेकंद तर तिच्याशी बोलण्यातच गेले होते.

ती डबी बसवून महिना झाला होता. समोर आलेलं माणूस किती वेळ थांबतं, तेवढंच ती मोजायची. दोन वर्षांपूर्वी करमणूक बागेतल्या ह्या मत्स्यालयात नऊ टाक्या होत्या. आता आठ टाक्यांच्या जागी पडदे आले होते. पडद्यावरचा देवमासा हात हलवला की शिंकायचा. पोरं दोनदा हात हलवायची, देवमासा दोनदा शिंकायचा, आणि तिसऱ्यांदा त्यांना त्याची शिंक पाठ झालेली असायची. मोठी माणसं तर सरळ कुरकुरायची. "हे घरी मोबाईलवर दिसतं की. ह्याच्यासाठी दोन तास गाडी हाणत आलो का आपण?" पण असं कुरकुरत कुरकुरत ती तिथं दीड-दोन मिनिटं उभी असायची, आणि डबीला कुरकुर मोजता येत नव्हती.

नववी टाकी तेवढी खरी उरली होती. तिच्यात हा एकच मासा होता, ठिपकेदार, जाड ओठांचा, म्हातारा. कामगारांनी त्याचं नाव 'जावईबापू' ठेवलं होतं, कारण आतल्या खोलीत रुसून बसायचं आणि जेवण तिथंच मागवायचं, एवढीच त्याची ख्याती. ते जेवण अकरा वर्षं तीच नेत होती. तिला सगळे टाकीवाली म्हणायचे. टाक्या नऊ होत्या तेव्हाही म्हणायचे, आता एक राहिली तरी म्हणत होते.

सकाळीच साहेबांनी तिला बोलावून घेतलं होतं. साहेब वयानं तिच्या धाकट्या भावाएवढे, स्वभावानं वाईट नव्हते, आणि म्हणूनच त्यांच्यावर चिडताही येत नसे.

"ताई, माझं माशाशी काही वाकडं नाही," ते म्हणाले होते. "पण सरासरी सात सेकंद आहे. येत्या रविवारपर्यंत चाळीस झाली तर मी वर बोलतो. नाहीतर सोमवारी पाणी काढायला घ्यावं लागेल."

"आणि ह्याचं काय?"

"दोन-तीन ठिकाणी विचारतोय."

विचारणं म्हणजे काय, हे ती जाणून होती. पाचव्या टाकीतले दोघे असेच विचारून पाठवले होते. टँकर वेळेत पोचला. ते दोघे पोचले नाहीत. आणि हा तर त्या दोघांहून म्हातारा होता.

"रविवारच्या आत त्याला बाहेर काढून दाखवते," ती म्हणाली होती. कसं, ते तिला ठाऊक नव्हतं. पण शब्द तोंडातून गेला होता आणि तो मागे घ्यायचा तिचा स्वभाव नव्हता.

सोमवार आणि मंगळवार तिनं जंग जंग पछाडलं. वरचे दिवे मंद केले, मग प्रखर केले. बुडबुड्यांची नळी खडकाच्या मागे सरकवली, म्हणजे तिथं त्याला अस्वस्थ वाटेल. देवमाशाच्या शिंकेचा आवाज कमी करून घेण्यासाठी पडदेवाल्याच्या नाकदुऱ्या काढल्या. जावईबापू ढिम्म हलले नाहीत. सरासरी सातावरून आठावर गेली, ती बहुधा तिच्याच येरझारांमुळे.

मंगळवारी संध्याकाळी ती घरी जेवायला बसली तेव्हा तिचं लक्ष ताटात नव्हतं. मुलीची बारावीची परीक्षा जवळ आली होती. महिना झाला, मुलगी खोलीबाहेर येऊन जेवतच नव्हती. टाकीवालीनं सवयीनं तिचं ताट वाढलं, वर वाटी उपडी घातली, खोलीत नेऊन दिलं आणि बाहेर येऊन धुसफुसली, "चार घास आपल्यात बसून खायला काय होतं हिला, कोण जाणे!"

नवरा बस चालवायचा. दिवसभर प्रवाशांचं ऐकून घ्यायची सवय असल्यामुळे घरी तो फारसा बोलत नसे. आज मात्र हसला.

"बाहेर ये बाहेर ये म्हणतेस, आणि ताट आत नेऊन देतेस. मग कशाला येईल ती?"

ती त्याला उलट काहीतरी बोलणार होती. पण हातातला घास तसाच राहिला.

अकरा वर्षांपूर्वी त्याला आणलं, तेव्हा गर्दीच्या धसक्यानं त्यानं नऊ दिवस तोंड उघडलं नव्हतं. दहाव्या दिवशी पहाटे, फाटक उघडायच्या आधी, टाकीच्या मागच्या बाजूला वर असलेली झडप उघडून तिनं स्वतःच्या हातानं त्याला बांगड्याचा तुकडा दिला होता. त्यानं तो घेतला तेव्हा ती तिथंच फरशीवर बसून रडली होती. तेव्हापासून रोज तीच वेळ, तीच झडप. एक दिवस चुकला नव्हता. लोक यायच्या आत त्याचं पोट भरलेलं असायचं. त्याला पुढे यायचं कारणच काय होतं? अकरा वर्षं ती लोकांना "खडकाच्या मागे" असं सांगत होती, आणि त्याला तिथं बसवलं होतं तिनंच. दुसऱ्या कुणावर खापर फोडायला जागाच नव्हती.

बुधवारी सकाळी ती मत्स्यालयाच्या डॉक्टरांकडे गेली.

"उपाशी किती दिवस राहू शकेल तो?"

"तो पंधरा दिवस आरामात काढेल," डॉक्टर म्हणाले. "तू नाही काढणार."

त्या दिवशी तिनं झडपेला हात लावला नाही. फाटक उघडल्यावर ती पुढच्या काचेच्या वरच्या फळीवर चढली आणि दोरीला बांधलेला तुकडा लोकांसमोर काचेपाशी सोडला. लोकांनी तुकडा पाहिला, मासा दिसेना, म्हणून ते पुढे गेले. एका काकांनी तर "मेलाय वाटतं तो" म्हणून त्या तुकड्याचा फोटो काढला. संध्याकाळी तिनं तुकडा तसाच वर ओढून घेतला. गुरुवारी तेच झालं. शुक्रवारीही तेच.

शनिवारी पहाटे मात्र तिचे पाय आपोआप मागच्या बाजूला गेले. नुसतं बघून येऊ, असं तिनं स्वतःला सांगितलं. झडप उघडली तर तो तिथंच होता. पाण्याच्या अगदी वरच्या थराशी येऊन, जाड ओठ उघडून, वाट बघत. किती वेळ तो असा थांबला होता देव जाणे. बादली दोन पावलांवर होती. एक तुकडा दिला तर कुणाला कळणार होतं? पण त्याला कळलं असतं. मग त्यानं उरलेले दोन दिवसही ह्याच दाराशी काढले असते, आणि सोमवारी टँकर आला असता.

"इथं नाही मिळणार, बाबा," ती म्हणाली. "पुढे ये."

तिनं झडप बंद केली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ती त्याला नाही म्हणाली होती. दिवसभर तिनं स्वतःचा डबाही उघडला नाही.

रविवारी गर्दी उसळली. दुपारपर्यंत सरासरी नऊ. तीन वाजता तिनं दिवसातला दुसरा तुकडा सोडला आणि खाली उतरली, तर दोन मुलं आणि सासू घेऊन आलेली एक बाई कंबरेवर हात ठेवून उभीच होती.

"हे काय आहे? आठ ठिकाणी पडदे, आणि नवव्या ठिकाणी रिकामं पाणी! पोरांना खरा मासा दाखवते म्हणून आणलं मी. लाज कशी वाटत नाही तुम्हाला?"

'खडकाच्या मागे' हे शब्द टाकीवालीच्या ओठांवर आले होते. ते तिनं गिळले.

"रिकामं नाहीये," ती म्हणाली. "तो आत आहे. आणि तुम्हाला दिसत नाही तो माझ्यामुळे."

"म्हणजे?"

"अकरा वर्षं मी त्याला मागच्या दारानं जेवू घातलं. लोकांना घाबरतो म्हणून. मग तो पुढे यायचंच विसरला. आज पाचवा दिवस, मी त्या दारानं काही दिलेलं नाही. उपाशी आहे तो. त्याचं जेवण हे इथं, तुमच्यासमोर लटकतंय. यावं की न यावं, त्याचं चाललंय आत."

सासूनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"पाच दिवस? अगं बाई." म्हातारीनं काचेकडे पाहिलं, मग सुनेकडे. "मी बसते इथं. तसेही पाय दुखतायत माझे."

आणि ती खरंच फरशीवर मांडी घालून बसली. मुलं तिच्या दोन्ही बाजूंना बसली. सुनेनं दोनदा घड्याळ पाहिलं, मग तीही टेकली. मागून आलेल्या जोडप्यानं काय चाललंय म्हणून विचारलं, तेव्हा टाकीवालीला तोंड उघडावं लागलं नाही. म्हातारीनंच सांगून टाकलं. चौथ्यांदा सांगेपर्यंत अकराची पंधरा वर्षं झाली होती आणि पाच दिवसांचे दहा उपास. टाकीवालीनं दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. लोक बसत होते. कुणी काचेवर टकटक केली की दहाजण त्याला दटावत होते. एका बापानं तर पोराच्या हातातला वाजणारा फुगा काढून स्वतःच्या काखेत दाबला.

डबीतला आकडा दोनशेवर गेला, पाचशेवर गेला. डबीला तीनच आकड्यांची सोय होती. नऊशे नव्याण्णववर पोचल्यावर ती तिथंच अडकली आणि लुकलुकायला लागली.

साहेब आले ते त्यामुळेच.

"ताई, डबी बिघडली बहुतेक," ते दारातूनच म्हणाले, आणि थांबले. रिकाम्या दिसणाऱ्या पाण्यासमोर साठ-सत्तर माणसं चूप बसली होती.

"श्श!" म्हातारीनं मान न वळवता त्यांना दटावलं.

साहेबांनी टाकीवालीला हळूच बाजूला घेतलं. काचेकडे पाठ करून ते कुजबुजले, "हे काय आहे?"

"वाट बघतायत."

"मासा आला होता का मधे?"

"नाही अजून."

"एकदाही नाही?"

"नाही."

साहेबांच्या कपाळावर आठी पडली, आणि मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. ते मनापासून खूश झाले होते, तिच्यासाठीसुद्धा.

"ताई, तुम्ही कमाल केलीत! म्हणजे मासा दिसत नसतानाही हे सगळे थांबलेत. बरोबर? मग त्याची गरजच काय? खडक राहू दे, बुडबुडे राहू देत. ही गोष्ट आपण चांगल्या आवाजात रेकॉर्ड करून घेऊ, दिवसभर वाजवू. टाकी वाचली तुमची!" त्यांनी फोन काढला. "थांबा, वर कळवतो लगेच."

आठवडाभर ती ज्याच्यासाठी झटली होती, त्यालाच तिनं आपल्या तोंडानं वगळून दाखवलं होतं. साहेब अंगठ्यानं भराभर लिहीत होते.

तेवढ्यात सगळ्यांचा श्वास एकदमच रोखला गेला. कुणी ओरडलं नाही. नुसता एक शहारा पुढच्या रांगेतून मागच्या रांगेत गेला.

खडकाच्या कडेनं आधी ओठ आले, मग एक डोळा, मग ते ठिपकेदार, जड अंग, जरा कललेलं. वाटेत दोरीला लटकलेल्या तुकड्यापाशी तो थांबला. तुकडा त्यानं घेतला नाही. तो तसाच पुढे, थेट काचेपर्यंत आला आणि कल्ले हलवत तिथं थांबला. अकरा वर्षं तिनं त्याला वरून पाहिलं होतं, म्हणजे पाठ आणि उघडलेलं तोंड. त्याला चेहरा होता, हे तिला आज दिसत होतं.

साहेब अजून लिहीतच होते.

"साहेब, वळा."

"एक मिनिट, ताई, हा निरोप जाऊ दे—"

तिनं साहेबांचे दोन्ही खांदे धरले आणि त्यांना काचेकडे वळवलं. आयुष्यात कुठल्या साहेबाला तिनं असा हात लावला नव्हता. त्यांचा अंगठा फोनवर तसाच टेकून राहिला. मासा त्यांच्याकडेच बघत होता, किंवा तिच्याकडे, किंवा कुणाकडेच नाही.

खालून म्हातारीनं साहेबांच्या विजारीचा पाय ओढला.

"खाली बस रे बाळा," ती कुजबुजली. "मागच्यांना दिसत नाहीये."

साहेबांनी एकदा मागे पाहिलं, फोन खिशात टाकला आणि ते फरशीवर बसले.