साठ सेकंदांची साक्ष

आसावरी बंगळुरूत जयनगरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची. तिथल्याच पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत राबलेल्या बायकांच्या आठवणी ती रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकत असे. शोधनिबंध चार माणसं वाचतात. हे निदान त्या बायकांच्या मुली ऐकतील, असं तिला वाटायचं.

बहात्तर वर्षांच्या कौशल्याअक्का दोन तास बोलल्या. घरी मराठी, पण कारखान्याचं त्यांना कन्नडमध्येच सांगता यायचं. १९८४ साली प्रेस मशीनवर शेजारच्या रत्नम्माची तीन बोटं गेली. मशीनवरची संरक्षक जाळी मालकानेच काढायला लावली होती. तरी चौकशीत "चूक तिचीच" म्हणून अक्कांनी सही केली. नाहीतर नोकरी गेली असती, आणि नवरा अंथरुणाला खिळलेला.

आसावरीने त्यातून साठ सेकंदांची रील केली. तेवढ्या वेळात खोट्या साक्षीची कबुलीच बसली. मालक आणि नवरा राहून गेले. तीन दिवसांत चार लाख लोकांनी ती पाहिली. "म्हातारीला लाज नाही," असं खाली लोक लिहीत होते.

चौथ्या दिवशी अक्कांच्या मुलाचा, सुहासचा फोन आला. "मॅडम, आई जेवत नाहीये. देवळात बायकांनी तोंडावर विचारलं तिला."

आसावरी तशीच अक्कांच्या घरी गेली. "अक्का, रील काढून टाकली मी. चुकलं माझं."

"सरी, ठीक आहे, काढलीस. लोकांच्या मोबाइलमधून कशी काढशील?" अक्का तिच्याकडे बघत नव्हत्या. "मी खोटं बोलले, ते खरंच आहे. पण का बोलले, तेही तुला सांगितलेलं ना?"

"हो."

"मग ते का कापलंस?"

लोक एवढा वेळ ऐकत नाहीत, हे उत्तर आसावरीच्या ओठांवर आलं होतं.

अक्कांना विचारून तिने पूर्ण मुलाखत टाकली, सुरुवातीला स्वतःची माफी. दोनशे अकरा जणांनी पाहिली. त्यांतल्या एकीने कन्नडमध्ये लिहिलं होतं, "रत्नम्मा माझी आई. जाळी नव्हती, हे ती मरेपर्यंत सांगत राहिली. कोणी मानलं नाही. आज साक्षीदारच बोलली, बरं झालं. पण मी त्यांना माफ केलेलं नाही."

आसावरीने मोबाइल अक्कांच्या हातात दिला. त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून.

"उत्तर लिहू?" आसावरीने विचारलं.

"मी वाचलं, एवढंच कळव," अक्का म्हणाल्या. "आपल्या मनाचं काही घालू नकोस त्यात."