लाट थांबेपर्यंत

"खुर्ची इथेच घेते," म्हणत शब्दकोशाच्या कचेरीतली मुलगी दुकानाच्या मधोमध बसलीसुद्धा. पेटी दुरुस्त करणाऱ्या मास्तरांना 'नको' म्हणायला कारण सुचलं नाही.

तिच्या मांडीवर कोरी कार्डं होती. "'स्वरमेळ', मास्तर. अर्थ पुस्तकात सापडला. कामात हा शब्द कसा येतो, ते हवंय."

"येतो कसला, आणावा लागतो. ऐका."

त्यांनी भाता दाबून दोन रीड एकदम वाजवल्या. आवाज सरळ येईना, हेलकावत राहिला.

"ही लाट. सूर जवळ आले की मंदावते. पुरती थांबली की आम्ही म्हणतो, स्वरमेळ बसला."

मुलीने घड्याळ समोर धरलं. "सेकंदाला तीन," ती हरखून म्हणाली.

मास्तरांनी एका रीडच्या टोकावर कानस फिरवली. वाजवलं, पुन्हा घासलं. मग सवयीने मान वर केली. समोर मुलगी. तिच्यामागे शिलाई यंत्रापाशी बसलेली बायको दिसेना. मान वाकडी करून पाहिली, तरी दिसेना. मोठी लाट त्यांना अजून ऐकू यायची. शेवटची, जेमतेम हलणारी मात्र नाही. हे बाहेर कळलं तर पेटी कोण आणून देणार?

"बसला," ते ठासून म्हणाले.

मुलगी घड्याळाकडे बघत राहिली. "माझं चुकत असेल. पण चार सेकंदांनी एकदा हलतंय."

"काही हलत नाही."

"अहो, हलतंय," मागून बायको म्हणाली. "केव्हाची बोट वर धरून बसलेय. दिसत नाही का?"

मुलगी वळली. बाईंचं बोट हवेत उभं होतं. लाट थांबली की ते खाली यायचं. दोन वर्षं असंच चाललं होतं. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई सुईत दोरा ओवतायत.

मुलीने खुर्ची भिंतीकडे सरकवली.

मास्तरांनी कानसेचा एक हलका हात दिला. बोट तसंच. आणखी एक. बोट सावकाश खाली आलं.

"आता बसला ना?" मुलीने विचारलं.

"मला काय विचारता?"

कार्डाच्या तळाशी 'माहिती देणारे' असं छापलेलं होतं. पुढे तिने आधीच लिहून ठेवलं होतं : पेटी दुरुस्त करणारे मास्तर. मास्तरांनी कार्ड मागून घेतलं, चष्मा चढवला आणि उरलेल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं : बायको ऐकते.

मग कार्ड परत देऊन त्यांनी पुढची रीड वाजवली. बाईंचं बोट वर गेलं.