सातवा प्रश्न

"पत्रकात दहा प्रश्न छापलेत, वर्ना. तुम्ही नऊच विचारता."

मार्नीने तक्रारीचं पोस्टकार्ड टेबलावर ठेवलं. मिशिगनच्या कुणा बाईने बारीक अक्षरात लिहिलं होतं, की सातवा प्रश्न गाळल्यामुळे तिच्या नवऱ्याची बक्षिसाची पेन्सिल हुकली.

"एका पेन्सिलीसाठी तिकीट लावलं बाईनं," वर्ना म्हणाली.

"हसण्यावारी नेऊ नका. मंडळाच्या बैठकीत वाचलं गेलं हे. तिथं एकजण म्हणाला, माणसं गाळतात, यंत्र गाळत नाही. कानाला लावून माहिती ऐकायची यंत्रं आणायचं चाललंय पुढच्या हंगामापासून. मी म्हटलं, आधी मला वर्नाशी बोलू द्या." मार्नी संग्रहालयाची व्यवस्थापक होती, वर्नापेक्षा पंचवीस-तीस वर्षांनी लहान. "अकराच्या बसची माणसं आली की मी मागं उभी राहते. दहाच्या दहा विचारा, म्हणजे मला तुमच्या बाजूनं बोलायला तोंड राहील."

"बरं," वर्ना म्हणाली.

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड संग्रहालयाच्या या घरात कधीच राहिला नव्हता. घर एका धान्यव्यापाऱ्याचं. आपल्या ओहायोच्या या राष्ट्राध्यक्षाच्या वस्तू गोळा करायचा त्याला नाद होता. निवडणुकीतले बिल्ले, छापील चित्रं, १८८१ साली राष्ट्राध्यक्ष गेल्यावर लोकांनी कोटाला लावलेल्या काळ्या फिती असं सगळं तो मागे ठेवून गेला. बघायला फार काही नसल्यामुळे कधीतरी कुणीतरी प्रश्नांची टूम काढली. प्रत्येक खोलीत एक-दोन प्रश्न, बरोबर उत्तराला एक पेन्सिल.

चौतीस वर्षं जिल्ह्याच्या इस्पितळात नर्स म्हणून काढल्यावर वर्ना इथे लोकांना घर दाखवायला आली, त्याला आता नऊ वर्षं झाली होती. आठवड्यातून चार दिवस, बिनपगारी. नवरा डेल गेल्यापासून ती मोठ्याने बोलत असे ते या चार दिवसांतच. उरलेले तीन दिवस घरात रेडिओ बोलायचा.

सातवा प्रश्न असा होता : राष्ट्राध्यक्षांना कोणी मारलं? लोक म्हणायचे, गोळी घालणाऱ्याने. मग वाटाड्याने म्हणायचं, चूक, डॉक्टरांनी. गोळी शोधायला एकामागून एक डॉक्टरांनी न धुतलेली बोटं जखमेत घातली. गोळी सापडली नाही. पू झाला, आणि ऐंशी दिवस झिजून तो धिप्पाड माणूस गेला. या उत्तरावर हमखास हशा पिकायचा. वर्ना तर आपलं बोट वर धरून, त्याच्याकडे निरखून बघत ते सांगायची. तिच्याइतका हशा कुणाला मिळत नसे.

दोन वर्षांपूर्वी डेलचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. साधंच. चौथ्या दिवशी तो घरी आला. त्या दिवशी अकराची बस आटोपून वर्ना धावत घरी गेली, त्याची पट्टी बदलली, सूप गरम करून दिलं आणि दोनच्या बससाठी परत आली. दोनच्या बसलाही सातव्या प्रश्नावर लोक खूप हसले. त्यानंतर तिसऱ्या दिवशी डेलला ताप भरला. अकराव्या दिवशी तो गेला. इस्पितळातला डॉक्टर म्हणाला, संसर्ग कुठूनही होऊ शकतो, मनाला लावून घेऊ नका. वर्नाला मात्र एकच गोष्ट आठवत नव्हती. पट्टीला हात लावण्याआधी तिने ते धुतले होते का? चौतीस वर्षं अंगवळणी पडलेली गोष्ट. म्हणूनच आठवत नव्हती.

अकराच्या बसमधून इंडियानाच्या कुठल्याशा चर्चची एकतीस म्हातारी माणसं उतरली. पहिल्या सहा प्रश्नांत वेळ बरा गेला. पोरवयात गारफिल्डने कुठे काम केलं? कालव्यावरच्या नावेवर. तो एका हाताने लॅटिन आणि दुसऱ्या हाताने ग्रीक एकदमच लिहायचा, हे खरं का? सांगतात तसं, पण बघितलेलं कुणी नाही. ऑरव्हिल नावाचा एक थुलथुलीत म्हातारा सगळ्यांच्या आधी उत्तर देत होता.

"पपा, दुसऱ्यांना बोलू द्या की," त्याची सून म्हणाली.

"कुणी अडवलंय त्यांना?"

"मास्तर होतात का हो तुम्ही?" वर्नाने विचारलं.

"खाटीक. गिऱ्हाईक नसलं की वाचायचो. गिऱ्हाईक फारसं नसायचंच."

लोक हसले. मग सगळे काळ्या फितींच्या खोलीत आले. मागे दाराशी मार्नी उभी होती. वर्नाने कार्ड हातात घेतलं आणि ते पाठ असूनही वाचून दाखवलं.

"डॉक्टरांनी," ऑरव्हिल लगेच म्हणाला.

"आमच्याकडंही तेच मारतात," एकजण म्हणाला, "आणि वर बिल पाठवतात."

खोली हसली. मार्नीही हसली. वर्नाने ऑरव्हिलला पेन्सिल दिली. आता आठवं कार्ड घ्यायचं, की काम झालं.

"त्यांना ठाऊक नव्हतं का पण?" पुढे उभ्या असलेल्या एका बाईने विचारलं. "हात धुवायचं?"

"काहींना होतं," वर्ना म्हणाली. "तिकडं युरोपात चौदा वर्षं सांगत होते. इथल्या बऱ्याच जणांना पटत नव्हतं. जंतू दिसत नाहीत, तर मानायचे कसे?" ती थांबली. "पण त्यांना तो जगायला हवा होता. मारायला कुणी आलं नव्हतं त्यातलं."

तिने हातातलं कार्ड उलटं केलं.

"माझ्या नवऱ्याची पट्टी मी बदलली होती. मी नर्स होते. तो अकराव्या दिवशी गेला. मी हात धुतले होते की नाही, मला आठवत नाही."

तिने कार्ड खाली ठेवलं आणि पुढचं उचललं. "प्रश्न आठवा. शेवटच्या दिवसांत राष्ट्राध्यक्षांना समुद्रकाठच्या घरी नेलं, तेव्हा आगगाडी दारापर्यंत कशी पोचली?"

रात्रीतून रूळ टाकले होते, आणि शेवटच्या चढावर माणसांनी डबा ढकलत नेला होता. ऑरव्हिलला ते नक्की ठाऊक असणार. पण तो जमिनीकडे बघत राहिला. उत्तर तिनेच सांगितलं. नववा आणि दहावा प्रश्नही तसेच गेले.

मंडळी बाहेर पडू लागली, तेव्हा मार्नीने तिला बाजूला घेतलं.

"मी काय सांगू आता त्यांना?"

"दहा विचारले म्हणून सांग."

"वर्ना, लोक सहलीला येतात हो इथं. एक बाई तिकडं डोळे पुसत उभी आहे." मार्नीने तिच्या दंडावर हात ठेवला. "मला कधी सांगितलं नाहीत."

"तू काय केलं असतंस?"

मार्नीने खिडकीतून बसकडे बघितलं. "यंत्रं येणार आता. मला नाही थांबवता येणार."

"येऊ देत. यंत्राला नवरा नसतो."

ती पोर्चमध्ये आली. बहुतेक माणसं बसमध्ये चढली होती. ऑरव्हिल सगळ्यात वरच्या पायरीवर अडकून पडला होता. त्याचे गुडघे वाकत नव्हते, आणि सून खाली कुणाची तरी चाकाची खुर्ची घडी करत होती. वर्ना त्याच्या शेजारी गेली आणि तिने आपलं कोपर पुढे केलं.

"कोपर नको बाई," तो म्हणाला. "हात द्या."

तिने आपल्या हाताकडे बघितलं, मग तो दिला. त्याचा पंजा जाड होता, अंगठ्याचं टोक कधीतरी सुरीखाली गेलेलं. चार पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, थांबत ते उतरले. खाली पोचल्यावर ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं, सुनेने हाक मारली. म्हाताऱ्याने हात सोडला नाही. वर्नानेही सोडवून घेतला नाही.